सातबाऱ्यावरची विहीर

'थिन प्रोव्हिजनिंग'ला साठवणुकीतली काटकसर म्हणतात. मी तिला उधारी म्हणतो, आणि तीही घेणाऱ्याला न सांगता केलेली.

मी कडेगावात छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. खरी डिस्क १ टीबीची, तिच्यावर चार यंत्रांना प्रत्येकी ५०० जीबी कागदोपत्री देता येतात. सगळे एकदम मागणार नाहीत, हा हिशेब. यंत्रातली फाइलसिस्टीम मात्र ते ५०० जीबी खरेच धरून चालते. तिथे 'डीएफ' आज्ञेने दिसणारा आकडा म्हणजे सातबारा: विहिरीची नोंद आहे, पाणी आहे की नाही ते कळत नाही.

स्वतःच्या हिशेबातली जागा संपली, तर फाइलसिस्टीम सरळ वागते. 'जागा नाही' म्हणून आधीच नकार देते. खालचा साठा आटतो तेव्हा नकाराची वेळ टळलेली असते. प्रोग्रामला 'लिहिलं' असं उत्तर गेलेलं असतं, मजकूर अजून मेमरीत असतो आणि डिस्कवर उतरताना त्याला जागाच मिळत नाही. लिनक्सचा थिन पूल मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद थांबतो, मग एरर देतो. त्यानंतर एक्सएफएस आपला मेटाडेटा लिहिण्याचा प्रयत्न अखंड करत बसते. ईएक्सटी४ फाइलमधला मजकूर उतरला नाही, तरी सहसा तशी नोंद करून पुढे चालू लागते.

२०१८ साली पोस्टग्रेसच्या मंडळींना कळलं, की एकदा फसलेलं 'एफसिंक' पुढच्या खेपेला यशस्वी ठरू शकतं, मजकूर हरवलेला असूनही. २०१९ पासून अशा वेळी त्यांचा डेटाबेस सरळ कोसळतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. खोट्या होकारापेक्षा हे बरं.

'लक्ष ठेवा, पूल वाढवा,' असं सांगितलं जातं. पण एलव्हीएममध्ये आपोआप वाढवण्याची मर्यादा मुळात १०० टक्क्यांवर असते, म्हणजे ती सोय बंदच. सुरू केली तरी वाढवायला मोकळी डिस्क हवी. फाइल पुसली, तरी 'एफएसट्रिम'सारखं काही चालवल्याशिवाय जागा पूलकडे परतत नाही.

चाचणीची यंत्रं खुशाल थिनवर ठेवा. पण जिथे शेतकऱ्याच्या ऊसबिलाची नोंद होते, तिथे पूर्ण जागा आधीच राखलेली हवी. आणि फाइलसिस्टीमने खालच्या साठ्याकडून जागेची हमी घेतल्याशिवाय 'लिहिलं' म्हणू नये. ही हमी मागण्या-देण्याची रीत दोन्ही थरांत बसवणं अवघड असेल. पण तोवर थिनला काटकसर म्हणणं तरी थांबवा.