बुगुनांच्या जंगलात पाखरे पाहायला



आपल्या वस्तीत सहल ठरते ती दीक्षाभूमी, चैत्यभूमी, बुद्धगया नाहीतर अजिंठ्याची. ती ठरायलाच हवी. पण पक्षी पाहायला हिमालयात जायचे म्हटले की घरचीच माणसे हसतात. “पाखरांसाठी पैसे घालवायचे? हे बड्या लोकांचे चोचले!” जंगल, डोंगर, पाखरे ही जणू दुसऱ्यांच्या मालकीची. हा समज आपल्या मुलांच्या मनातून काढला पाहिजे.

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात ईगलनेस्ट नावाचे अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २१८ चौरस किलोमीटर. पायथ्याला उंची ५०० मीटर, तर माथ्यावर ३,२५० मीटर. खाली दमट, उष्ण जंगल आणि वर कडाक्याची थंडी. त्यामुळे एकाच रस्त्याने चढत गेले तरी पक्षी बदलत जातात. शेजारी बुगुन आणि शेरदुकपेन या जमातींची गावे आहेत. त्यांच्यात बौद्ध धम्म आणि पूर्वजांच्या निसर्गपूजेच्या चालीरीती दोन्ही नांदतात.

या जंगलात पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना १९९५ साली एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. बुलबुलापेक्षा थोडा मोठा, डोक्यावर काळी टोपी, पंखांवर पिवळे-लाल पट्टे. विज्ञानाला ही जात ठाऊकच नव्हती. नवी जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, हा जुना रिवाज. अत्रेय यांनी तो पाळला नाही. इतक्या थोड्या पाखरांतले एक मारणे त्यांना पटले नाही. २००६ साली त्यांनी पक्षी पकडून मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे ठेवली आणि पाखरू सोडून दिले. तेवढ्या पुराव्यावर जात मान्य झाली. सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या हंसाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिचाच हा आजच्या काळातला पडताळा म्हणावा.

पक्ष्याला नाव मिळाले ‘बुगुन लिओसिक्ला’. ना कुणा राजाचे, ना साहेबाचे. त्या जंगलाच्या माणसांचे. नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे आपण झगडलो. बुगुनांनीही त्या नावाचा मान राखला. २०१७ साली सिंगचुंग गावाने आपल्या सामूहिक जंगलापैकी १७ चौरस किलोमीटर राखीव म्हणून जाहीर केले. आज गावचीच तरुण मुले तिथे राखण करतात.

आता बेत कसा आखावा ते पाहू.

पाच-सहा कुटुंबांनी मिळून वर्षभर आधी भिशी सुरू करावी. ज्यांना एलटीसी मिळते त्यांनी नियम कार्यालयात आधीच विचारून घ्यावा. परीक्षा संपल्यावर एप्रिलची अखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ बरा; नोव्हेंबरही चांगला. पावसाळ्यात मात्र जाऊ नये, दरडी कोसळतात. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटीची रेल्वे आहे. दोन रात्री गाडीतच जातात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पुढे तेजपूर, भालुकपाँग, टेंगा असा जीपचा रस्ता. अरुणाचलात शिरायला ‘इनर लाइन परमिट’ लागते. ते ऑनलाइन मिळते, पण प्रत्येकाचे ओळखपत्र हवे. अभयारण्याची परवानगी वेगळी. तिची चौकशी मुक्कामाच्या जागेशी आधीच करावी.

मुक्काम तंबूत असतो. लामा कॅम्प बुगुनांच्या जंगलात आहे आणि हा पक्षी दिसण्याची आशा तिथेच अधिक. शक्यतो गावच्याच माणसाला वाटाड्या घ्यावे. पाखरू जिवंत राहिले तर गावाला रोजगार मिळतो, हा हिशेब आपल्या पैशाने बळकट व्हावा. स्वेटर, रेनकोट, घोट्यावर घट्ट बसणारे मोजे (जळवा असतात), नेहमीची औषधे आणि दोघांत एक दुर्बीण पुरते. कपडे भडक नकोत. पहाटे उठावे, आवाज न करता उभे राहावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत त्याचा जीव घाबरा होतो.

आणि माणसांशी बरोबरीने वागावे. आपल्या गल्लीत येऊन आपली घरे न्याहाळणारे पाहुणे आपल्याला रुचत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. फोटो विचारूनच काढावा. त्यांच्या गोंपातली पूजा तिबेटी वळणाची, आपली वंदना निराळी. वाद घालायला आपण गेलेलो नाही. बुद्धापुढे हात जोडावेत.

सराव मात्र आजपासून करता येतो. रविवारी विहारातली वंदना झाली की मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर किंवा नाल्याकाठी जावे. बुलबुल, दयाळ, खंड्या, भारद्वाज ओळखायला शिकवावे आणि वहीत तारीख टाकून लिहून घ्यावे. सम्राट अशोकाने पोपट-मैनांसह अनेक पाखरांची हत्या बंद केल्याचे स्तंभावर कोरून ठेवले, तेही सांगावे. पहिले शील मुलांना पाठ असते. पाखरू ओळखू लागले की ते त्यांना कळते. हिमालयाचे तिकीट पुढच्या वर्षी निघेल, वहीचे पहिले पान येत्या रविवारी लिहावे.

नमो बुद्धाय! जयभीम!