बेकारभत्त्याला भीक म्हणणाऱ्यांना



आपल्या अभ्यासवर्गातून सध्या एक वाक्य फिरतंय. बाबासाहेबांचा माणूस भत्त्यासाठी सरकारच्या दारात रांग लावत नाही. त्याने स्वाभिमानाने राहावं, छोटा धंदा काढावा, नाहीतर लढावं. भत्ता म्हणजे भीक. हे वाक्य मी तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा बोलणाऱ्याच्या खात्यावर एक तारखेला पगार जमा होत होता. त्यांच्या पगाराचा मला हेवा नाही. आपली माणसं नोकरीत गेली, बरंच झालं. पण गेटाबाहेर काढलेल्या माणसाला स्वाभिमान शिकवायचा अधिकार त्यांना कुणी दिला, एवढं मला विचारायचंय.

हेच मित्र शिष्यवृत्तीला भीक म्हणत नाहीत. म्हणूही नये. शिष्यवृत्ती दोन महिने लांबली तर आपण समाजकल्याण खात्यावर मोर्चा नेतो, आणि त्या मोर्चात मीही घोषणा दिल्यात. मग डॉफरने आपला भत्ता मागितला की तो भिकारी कसा होतो? मला वाटतं, गोम अशी आहे की आपल्या सभेत डॉफर सतरंज्या घालतो आणि भाषण दुसराच कुणी करतो. ज्याचं भाषण त्याचा हक्क, ज्याची सतरंजी त्याची भीक.

माझं सांगतो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर डॉफर होतो, चार वर्षं. भरलेले कॉप उतरवायचे, रिकाम्या बॉबिनी चढवायच्या, मशीन थांबून राहता कामा नये. नाव गिरणीच्या मस्टरवर नव्हतं, ठेकेदाराच्या वहीत होतं. पगार बारा हजार. २०२३ मध्ये सुताला उठाव नाही म्हणून एक पाळी बंद केली. आम्हा साठ जणांना टाइम ऑफिसजवळ उभं केलं आणि ठेकेदाराच्या माणसाने प्रत्येकापुढे एक छापील कागद धरला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे.' साठ जणांना एकाच दिवशी एकच घरगुती अडचण! सही करा आणि शेवटचा पगार घेऊन जा, म्हणाला. बहुतेकांनी केली. घरात पोरं असली की माणूस कागद वाचत नाही, पाकीट बघतो. मी केली नाही. माझा पगार तीन आठवडे अडवला.

हा कागद कशासाठी असतो ते नीट समजून घ्या. कामगाराची कपात केली तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही पंधरा दिवसांची गोष्ट राहिली आहे. मात्र कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट केंद्राच्या कायद्यात शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेवर नेली. कुणासाठी नेली ते सांगायला पंडित नको. पण माणसाने स्वतः राजीनामा दिला तर यातलं काहीच लागू होत नाही. कपात नाही, नोटीस नाही, भरपाई नाही. एका सहीत चार वर्षं पुसली जातात. आणि करारच ठरावीक मुदतीचा असेल तर सहीचीही गरज नाही. मुदत संपली, माणूस संपला. कायदा त्याला कपात म्हणतच नाही.

कपातीचा आणखी एक नियम आहे. शेवटी आला तो आधी जाईल. ऐकायला किती सरळ! जातपात नाही, वशिला नाही, फक्त तारीख बघायची. पण दोस्तांनो, आपण शेवटी का आलो हे त्या तारखेला कोण विचारणार? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पैसा जास्त होता आणि त्या खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. धोट्याचं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि महाराच्या थुंकीने सूत बाटतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. वर्गलढा म्हणता, मग या खात्याचं दार आमच्या माणसाला बंद का? तेव्हा आपली माणसं रिंगवर राहिली. हलक्या पगारात, बदलीवर. बदलीच्या मागे बदली, आणि आता बदलीच्या जागी ठेकेदार. धोटे गेले, तोंडाने सूत ओढायचं कधीच बंद झालं, पण मस्टरवरच्या तारखांत ते सूत अजून अडकलेलं आहे. ज्याचा आजा आत होता त्याच्या बापाला पास मिळाला, बापाच्या ओळखीने पोरगा कायम झाला. आम्ही दरवेळी शेवटी येतो म्हणून दरवेळी आधी जातो. नियम सगळ्यांना सारखाच.

आता भत्त्याचं. आपल्यातल्या पुष्कळांना ही योजना आहे हेच ठाऊक नाही, म्हणून आकडे देतो. बंद पडलेल्या खाजगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये पुनर्वसन निधी योजना निघाली. पहिल्या वर्षी पगाराच्या पंचाहत्तर टक्के, दुसऱ्या वर्षी पन्नास, तिसऱ्या वर्षी पंचवीस. १९८२ च्या संपानंतर लाखावर माणसं रस्त्यावर आल्यावर सरकारला ही जाग आली. मग २००५ मध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, पण तिच्यात कपात झाली किंवा कारखाना बंद पडला हे कायद्याच्या भाषेत सिद्ध करावं लागतं. म्हणजे तो छापील कागद पुन्हा आडवा. २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना निघाली. हिच्यात रोजच्या सरासरी कमाईच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस. करोनात, २०२० मध्ये, त्याचे पन्नास टक्के केले, आणि मालकामार्फत अर्ज पाठवायची अट काढून कामगाराला थेट अर्ज करायची मुभा दिली. ही मात्र चांगली गोष्ट झाली. ज्याने काढलं त्याच्याच हातापाया पडायचं वाचलं.

बारा हजाराच्या पगाराला रोज मोघम चारशे धरा. पंचवीस टक्क्यांनी शंभर रुपये, नव्वद दिवसांचे नऊ हजार. पन्नास टक्क्यांनी अठरा हजार. माझ्या घरात आई, बायको, दोन वर्षांची पोरगी, कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ आणि मी, अशी पाच तोंडं. दोनशे रुपये भागिले पाच, चाळीस रुपये माणशी. यात भाडं, लाइटबिल, पोरीचं दूध, भावाचा बसपास. बायको घरी बसून कपड्यांचे धागे तोडायचं काम आणते, नगावर पैसे. किराणावाला उधारीची वही मिटून ठेवतो आणि आईकडे बघत नाही. चाळीस रुपयांत कुणी मिजास करत नाही, फक्त सावकाराकडे जायचं महिना दोन महिने लांबतं. तेवढ्यासाठीसुद्धा मी रांगेत उभा राहीन.

आणि हा पैसा कुणाच्या बापाचा? पगारातून महिन्याला पाऊण टक्का माझा कापला जातो, सव्वातीन टक्के मालकाचा भरला जातो. बारा हजारावर नव्वद रुपये माझे, तीनशे नव्वद त्याचे. मालकाचेही माझ्या घामातूनच आले, पण ते सोडा. महिन्याला चारशे ऐंशी, चार वर्षांचे तेवीस हजार चाळीस. त्यातून दवाखाना चालतो हे मला माहीत आहे, पोरीचं बाळंतपण त्याच विम्याच्या दवाखान्यात झालं. तरी हिशेब हिशेबच. आपल्याच मजुरीतून बाजूला काढलेले पैसे मागायला भीक म्हणणारा माणूस उद्या पीएफलाही दान म्हणेल.

माझा अर्ज नामंजूर झाला. कामावरून गेलो त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली लागते. माझे दिवस एक्काहत्तर दाखवले. मी त्या सहामाहीत डबल पाळ्या केल्या होत्या. सात दिवस कुठं गेले? ठेकेदाराच्या वहीत गेले. त्याने भरले नाहीत, गिरणीने विचारलं नाही, आणि खिडकीवरच्या साहेबाने स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली. स्क्रीनवर नाही म्हणजे तू कामावर नव्हतास. माझ्या तळहाताला विचारा म्हणावं. वर हेही ऐकवलं, तुम्हाला तर सगळंच फुकट मिळतं, आणखी किती पाहिजे. मी तिथंच तक्रारअर्ज लिहिला आणि पोच घेतली. खिडकीवर मारामारी करून उपयोग नसतो, पोच लागते.

तो भत्ता मंजूर होणाऱ्यालासुद्धा जन्मात एकदाच मिळतो, ही मेख बघा. आयुष्यात एकदा! जणू गिरण्या माणसाला एकदाच काढतात. मी तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. तीन महिन्यांत माझी साठीपर्यंतची बेकारी वापरून झाली असती. हा नियम ज्याने लिहिला त्याला कधी कुणी ठेक्यावर ठेवलेलं नाही.

आता स्वाभिमानवाल्यांना महाडची आठवण करून देतो. पाणवठे सर्वांना खुले करा हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आपलं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याला ते पिता आलं नाही. तेव्हा बाबासाहेब म्हणाले का, की ठरावातलं पाणी पिणं म्हणजे भीक, आपण आपली विहीर खोदू? हजारो माणसं घेऊन ते तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली. माझ्या मते विम्याची खिडकी हेही एक तळंच आहे. त्यात पाणी थोडं आहे, गढूळ आहे, पण कागदावर ते आपलं आहे.

आणि हे तळं खोदायला सुरुवात कुणाच्या वेळी झाली? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना करायला बसवलं, १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला, आणि त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणारे आपण, त्यांच्या मजूरमंत्रिपदाची चार वर्षं भाषणात एका ओळीत उरकतो.

कामगार संघटनांनाही सोडत नाही. कायम कामगारांच्या बोनससाठी गेट बंद करणारे लाल आणि भगवे, दोन्ही, आम्हा साठ जणांच्या वेळी गेटावर फिरकले नाहीत. ठेक्यावरचा माणूस त्यांच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात नाही, म्हणून तो कामगारवर्गातही नाही. मनमाडला १९३८ मध्ये बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. आपण पहिल्यावर कविता लिहितो, दुसरीच्या गेटावर आपला बाप एकटा उभा असतो.

मागण्या सरळ आहेत. जन्मात एकदाची अट काढा. दिवस मोजायचे तर ठेकेदाराने भरलेल्या वर्गणीवर मोजू नका, हजेरीवर मोजा, आणि वर्गणी बुडाली तर मूळ मालकाकडून वसूल करा. छापील राजीनामे एका दिवशी एका गेटावर साठ निघाले तर ती कपात धरा. यासाठी मोर्चा काढायचा असेल तर मी घोषणा लिहून देतो, चाल लावायला आपली पोरं आहेत.

पण मोर्चाच्या आधीचं काम आजपासून होण्यासारखं आहे. वस्तीवस्तीत एक वही ठेवा. कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या लूमवर, कुठल्या ठेकेदाराकडे, विम्याचा नंबर काय. नंबर दोन असतील तर तेही लिहा, कारण ठेकेदार बदलला की नवा नंबर काढतात आणि मागचे दिवस हवेत राहतात. दर महिन्याला वर्गणी भरली का ते फोनवर बघता येतं, आपल्या कॉलेजच्या पोरांनी ते बघून द्यावं. आधारवरचं नाव आणि मस्टरवरचं नाव एक आहे का बघावं. आमच्या आळीत एकाच माणसाची तीन नावं सापडली. शाळेतलं, गिरणीतलं, आणि आईने ठेवलेलं. १४ एप्रिलला डीजेला जेवढी वर्गणी काढतो तिच्या दहाव्या हिश्श्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर्षभराची झेरॉक्स होते. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. पोरांना नाचू द्या. पण टेबलही मांडा.

आम्ही आमच्या वस्तीत ते मांडलं आहे. दर रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, विहाराच्या व्हरांड्यात. गेल्या रविवारी अकरा जण आले, त्यात चार बाया गारमेंटमधल्या, आणि दोघांनी तो छापील कागद सही न करता परत आणला होता. ज्यांना भत्ता ही भीक वाटते त्यांनीही यावं, अर्ज भरायला चांगलं अक्षर असलेली माणसं कमी पडतायत. येताना पगाराची चिठ्ठी, आधार, बँकेचं पासबुक आणि गेटपास आणा. गेटपास जमा करून घेतला असेल तर त्याचा फोनवर काढलेला फोटोही चालतो.