मागच्या सीटवरचा मुसाफिर

सुट्टी जवळ आली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी आजोळी जाते, कोणी एखादा किल्ला पाहायला जाते. युरोप खंडात उन्हाळ्याच्या सुट्टीत कित्येक लोक मोटारसायकलवरून लांबच्या सफरीला निघतात. तेथील बरेच देश लहान आहेत आणि रस्ते चांगले आहेत. शिवाय १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी एक करार झाला आणि १९९५ साली तो अमलात आला. त्यात सामील असलेल्या देशांच्या आपसांतील सरहद्दींवर पासपोर्टची नेहमीची तपासणी होत नाही. अधूनमधून ती होते, म्हणून कागदपत्रे मात्र जवळ ठेवावी लागतात. पंधरा दिवसांच्या सफरीत तीन-चार देश पाहून होतात.

अशा सफरीत कधी कधी आईच्या किंवा वडिलांच्या मागे आठ-दहा वर्षांचे मूल बसलेले दिसते. काहींना ते पाहून कौतुक वाटते, तर काहींच्या छातीत धडकी भरते. इतक्या लहान मुलाला मोटारसायकलवरून इतक्या दूर न्यावे का? माझे मत असे आहे की जरूर न्यावे. पण त्या सफरीचा बेत मागे बसणाऱ्या मुलाच्या मापाने आखावा. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मात्र मोठ्यांच्या हौसेचे मोल लहानाने चुकते करावे, हे बरोबर नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. इटलीत पाच वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर बसवता येत नाही. स्पेनमध्ये मागे बसणाऱ्याचे वय बारा वर्षे हवे; पण आई, वडील, पालक किंवा त्यांनी परवानगी दिलेली मोठी व्यक्ती गाडी चालवत असेल, तर सात वर्षांचे मूलही चालते. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालील मुलांना मोटारसायकलवर मनाईच आहे. फ्रान्समध्ये पाच वर्षांखालील मुलासाठी पट्टे असलेले खास आसन लागते. जर्मनीत सात वर्षांखालील मुलासाठी खास आसन लागते आणि मुलाचे पाय चाकाच्या आऱ्यांत जाणार नाहीत अशी सोय असावी लागते. ब्रिटनमध्ये वयाची अट नाही. पण मागे बसणाऱ्याने सीटवर दोन्ही बाजूंना पाय टाकून नीट बसावे आणि पाय फूटरेस्टवर ठेवावेत, असा नियम आहे.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहा. एका देशात पाच, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात बारा. सरहद्द ओलांडली म्हणून मुलाची हाडे बळकट किंवा नाजूक होत नाहीत. मग हे आकडे वेगळे का? कारण मूल प्रवासाला तयार आहे की नाही, हे एका आकड्याने ठरत नाही. कायदा फक्त कमीत कमी मर्यादा सांगतो. पुढचा विचार आईवडिलांनीच करायचा असतो. मुलाचे दोन्ही पाय फूटरेस्टवर टेकतात का, त्याला घट्ट धरून बसता येते का, सांगितलेले तो ऐकतो का, हे आधी पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्याला माहीत आहे. येथे मुलाचे पाय पाहून प्रवास ठरवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या वडिलांना आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन इटलीला जायचे आहे. त्यांच्या मनात ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरचा घाट आहे. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटर लांब असून त्यात ३६ अवघड वळणे आहेत. मोटारसायकलवाल्यांना त्याचे फार वेड. पण ऑस्ट्रियाच्या कायद्यामुळे ती मुलगी तेथे येऊ शकत नाही. मग वडिलांनी नकाशा पुन्हा उघडावा. जर्मनीतील कॉन्स्टान्स शहर स्वित्झर्लंडला अगदी लागून आहे. तेथून कूर, फ्लुएला खिंड, त्सेर्नेत्स आणि ओफेन खिंड या मार्गाने सांता मारिया गावी पोहोचता येते. पुढे २५०१ मीटर उंचीची उम्ब्राइल खिंड लागते आणि ती ओलांडली की इटली! तेथून स्टेल्व्हिओचा २७५७ मीटर उंचीचा माथा जवळच आहे. ऑस्ट्रियाच्या जमिनीला चाक न लावता ही सफर पुरी होते.

काहींना हा वळसा वाटेल. मला तर या वळशात फायदाच दिसतो. कॉन्स्टान्समध्ये लोक जर्मन बोलतात, सांता मारियाच्या खोऱ्यात रोमान्श ही भाषा चालते आणि घाट उतरून बॉर्मियोला आले की इटालियन कानांवर पडते. घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटणार नाही, पण गंमत नक्कीच कळेल. एका सफरीत तीन भाषा ऐकणे हे मुलीसाठी उत्तम शिक्षण आहे.

आता वेळेचा विचार. हे उंच घाट हिवाळ्यात बर्फाने बंद असतात. स्टेल्व्हिओचा रस्ता साधारणपणे मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो. जर्मनीत परवानगीशिवाय मुलाची शाळा बुडवली, तर पालकांना दंड होऊ शकतो. म्हणून जुलै-ऑगस्टची सुट्टीच योग्य. पण उन्हाळा असला तरी घाटात थंडी असते. दर हजार मीटर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. कॉन्स्टान्सचे सरोवर सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. तेथे २५ अंश तापमान असेल, तर उम्ब्राइलला ते ११-१२ अंश भरेल. त्यात चालत्या गाडीवरचा वारा! लहान शरीर मोठ्या शरीरापेक्षा लवकर गारठते. म्हणून उबदार कपडे सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत.

रोजचे अंतरही मुलाला झेपेल इतकेच हवे. सराईत माणूस दिवसाला ५०० किलोमीटर जाईल. मूल बरोबर असेल तर २०० ते २५० किलोमीटर पुरे. चालवणाऱ्याचे हात, पाय आणि डोळे कामात असतात. मागे बसणाऱ्याला काहीच काम नसते. त्यामुळे त्याला कंटाळा येतो आणि कंटाळ्यापाठोपाठ झोप येते. झोप लागली की हाताची पकड सुटते. या सफरीतला सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. तासातासाला थांबावे, पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. हेल्मेटमध्ये बोलण्याचे यंत्र बसवले, तर मुलाशी गप्पा मारता येतात आणि तो जागा आहे हेही कळते.

हेल्मेटच्या बाबतीत काटकसर करू नये. आपण मुलांना गणवेश थोडा मोठा शिवतो, कारण तो पुढच्या वर्षीही घालता यावा. हेल्मेट तसे घेऊन चालत नाही. सैल हेल्मेट अपघाताच्या वेळी डोक्यावरून सरकते किंवा निसटते आणि जड हेल्मेट कोवळ्या मानेवर ओझे होते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१६ पासून चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हातमोजे सक्तीचे आहेत. मुलाला एक फोन नंबरही पाठ हवा. युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात ११२ हा नंबर फिरवला की तातडीची मदत मिळते. स्वित्झर्लंडमध्येही तो चालतो. अपघातात कदाचित वडीलच जखमी होतील. तेव्हा आपण कोण आणि कोठे आहोत, हे त्या मुलालाच सांगावे लागेल.

ही सारी तयारी केली, तरी एक गोष्ट राहते. ती म्हणजे मुलाची इच्छा. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग १९६८ साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, क्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेले. त्या सफरीवरील त्यांचे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुस्तकाच्या अखेरीस तो मुलगा फूटरेस्टवर उभा राहतो आणि वडिलांच्या खांद्यावरून समोरचा रस्ता पाहतो. तोवर हजारो किलोमीटर त्याच्या डोळ्यांसमोर वडिलांची पाठच असते! ज्याला पुढचे दिसत नाही, त्याला पुढचे सांगितले पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी नकाशा मुलासमोर पसरावा. एखादा मुक्काम त्याला निवडू द्यावा. वाटेत तो 'थांबा' म्हणाला, तर न रागावता थांबावे. आणि निघण्याआधीच तो 'नको' म्हणाला, तर आगगाडीने जावे. त्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, मोटारसायकलला मोटारीसारखे पत्र्याचे कवच नसते, मग हा धोका मुळात पत्करावाच का? ही शंका रास्त आहे. ज्याला आपला वेग आणि आपली हौस आवरता येत नाही, त्याने मुलाला नेऊच नये. ज्याला ती आवरता येते, त्याने आधी वीस किलोमीटर, मग एक दिवस, मग एक मुक्काम, अशी परीक्षा घेऊन पाहावी.

मित्रांनो, आल्प्स पर्वत आपल्यापासून दूर आहे. पण मागच्या सीटवरचा मुसाफिर आपल्या गल्लीतही आहे. आपल्या देशात चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा आवश्यक आहे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. तरीही शाळेच्या फाटकाशी आपण काय पाहतो? वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मुलाचे डोके उघडे असते. 'शाळा तर जवळच आहे' असे उत्तर मिळते. पण पडणाऱ्याला जमीन सगळीकडे सारखीच लागते. तेव्हा घरातील धाकट्या भावंडाच्या मापाचे हेल्मेट आणायला आजच अब्बांना सांगा. ते आल्यावर मगच पुढच्या सफरीचा नकाशा उघडा.

स्वाध्याय
१. ऑस्ट्रिया आणि इटली या देशांतील नियमांत कोणता फरक आहे?
२. मागे बसलेल्या मुलाला झोप लागणे धोक्याचे का आहे?
३. 'ज्याला पुढचे दिसत नाही, त्याला पुढचे सांगितले पाहिजे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. लेखकाचे मत तुम्हांला पटते का? का ते आठ-दहा ओळींत लिहा.