पायलोनिडल सायनस : फिनॉल की क्षार, हा प्रश्न नीट विचारावयास हवा

माकडहाडाच्या थोडे वर, नितंबांमधील खाचेत एक-दोन बारीक छिद्रे, त्यातून अधूनमधून येणारा दुर्गंधी स्राव, आणि खुर्ची दिली असता एका अंगावर कलून बसणारा विशी-पंचविशीतील तरुण. हे चित्र आता आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. वाहनचालक, परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, संगणकापुढे दहा-दहा तास बसणारे नोकरदार अशा रुग्णांचा पहिला प्रश्न एकच असतो : कापाकापी न करता होईल ना?

या प्रश्नाचे उत्तर आधुनिक शल्यशास्त्रही आता ‘होय, काही रुग्णांत’ असे देऊ लागले आहे. त्यांचे द्रव्य फिनॉल, आपले क्षार. दोन्ही रासायनिक चिकित्साच होत. तथापि या विषयावर वैद्यमंडळींत चर्चा निघाली की दोनच सूर ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, फिनॉल म्हणजे फरशी धुण्याचे कार्बोलिक, ते व्रणात काय घालावयाचे! दुसरा पक्ष क्षारसूत्राला इतिहासजमा समजतो. आम्हांस दोन्ही सूर अभ्यासाच्या अभावाचे वाटतात.

प्रथम व्याधीकडे पाहू. सुश्रुताने निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात नाडीव्रणाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील पाचवा शल्यनिमित्तज. आणि शल्य कशाला म्हणावे हे सांगताना सूत्रस्थानाच्या आरंभीच तृण, काष्ठ, पाषाण यांच्या बरोबरीने बाल आणि नख यांचीही गणना केली आहे. बाल म्हणजे केस. पाश्चात्त्य वैद्यकात हॉजेस यांनी १८८० साली या विकाराला जे नाव दिले त्याचा अर्थही ‘केसांचे घरटे’ असाच आहे. असे असूनही पुढे दीर्घकाळ तो जन्मजात दोष मानला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे ऐंशी हजार जवानांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. ‘जीपचा रोग’ हे नाव तेव्हाचे. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यातही असाच सायनस होतो, हे लक्षात आल्यावर जन्मजात दोषाची उपपत्ती मागे पडली. २०१८ साली जर्मन संशोधकांनी तर असे दाखविले की सायनसमध्ये सापडणाऱ्या केसांत मूळ नसलेले, कापल्यामुळे टोकदार झालेले डोक्याच्या केसांचे तुकडे मोठ्या प्रमाणात असतात. हजामत करून आलेल्या माणसाला आंघोळ केल्यावाचून घरात कशाला शिवू न देणारी आजी आठवावी. तिच्या मनात सोवळे होते, सायनस नव्हता. परंतु आम्ही हल्ली या रुग्णांना केस कापल्यावर पाठ व कंबर धुऊन आंघोळ करण्यास आवर्जून सांगतो.

व्याधी शल्यज आहे असे एकदा मान्य केले की चिकित्सेचे पहिले सूत्र ठरते, ते म्हणजे शल्याहरण. केस आत ठेवून वर फिनॉल घाला, क्षार घाला वा जात्यादि तेल घाला, नाडी पुन्हा वाहणारच. कोणतेही रसायन केस विरघळवील या भरवशावर राहू नये.

आता फिनॉल. १९६४ साली इंग्लंडमध्ये मॉरिस आणि ग्रीनवुड यांनी या विकारात फिनॉलच्या वापराचा लेख प्रसिद्ध केला. अलीकडे तुर्कस्तानात त्याचा प्रसार विशेष आहे. स्थानिक भूल देऊन छिद्र थोडे मोठे करतात, बारीक चिमट्याने आतील केस व कणाङ्कुर काढतात, भोवतालच्या त्वचेला मलमाचा जाड लेप देतात आणि मग ८० टक्के तीव्रतेचे द्रव फिनॉल किंवा त्याचे स्फटिक नाडीत भरतात. हे स्फटिक ४०–४१ अंशांना वितळतात, आणि शरीराच्या उष्णतेने व ओलाव्याने आत पाझरतात. काही मिनिटांत ते पिळून काढून टाकतात. फिनॉल प्रथिने गोठविते. नाडीचे आतील अस्तर जळते, ते गळून पडल्यावर पोकळी भरून येते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दोष हे की त्वचेवर सांडल्यास दाह होतो, प्रमाणाबाहेर शोषले गेल्यास हृदयाच्या गतीवर विपरीत परिणाम होऊ शकतो, आणि तीव्र विद्रधी असताना व गर्भिणीमध्ये ते वर्ज्य आहे.

क्षाराचे कार्य याहून निराळे. आम्लधर्मी फिनॉल ऊती गोठविते आणि त्या गोठलेल्या थराने पुढील प्रवेश बराचसा अडतो. क्षार ऊती विरघळवितो आणि खोल उतरतो. म्हणूनच सुश्रुताने क्षाराचे मृदु, मध्यम, तीक्ष्ण असे भेद सांगून अतिदग्धाची भीती घातली, आणि आम्लाने क्षार शमतो याची उपपत्तीही दिली. आपण प्रतिसारणानंतर लिंबाचा रस वापरतो तो याच कारणाने. क्षारसूत्रात हीच शक्ती सुतावर बांधून हळूहळू सोडली जाते. फिनॉलचा संस्कार मिनिटांचा, सूत्राचा आठवड्याचा. शिवाय सूत्र नाडीला छेदीत जाते आणि स्रावाला वाट मोकळी ठेवते. कृश, दुर्बल, भित्र्या रुग्णांसाठी व मर्माश्रित नाडीसाठी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात त्याचा उपदेश आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजचे प्रमाणित रूप दिले : स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७, स्नुहीक्षीर व हरिद्रेचे ३, असे एकूण २१ लेप.

येथवर क्षाराची बाजू भक्कम दिसते. अडचण पुढे आहे, आणि ती आपण आपसांत तरी बोलली पाहिजे.

फिनॉलवाल्यांकडे आकडे आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातील १४० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत फिनॉल गटाचा व्रण सरासरी १६ दिवसांत भरला, छेदन करून व्रण उघडा ठेवलेल्या गटाचा ४० दिवसांत. पुनरुद्भव मात्र अनुक्रमे १८.६ आणि १२.९ टक्के आढळला. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही, तरी त्यांनी तो लपविला नाही. २०१९ साली नेदरलँड्समधील १०० रुग्णांच्या चाचणीतही फिनॉलचे रुग्ण लवकर कामावर परतले. आपल्याकडे काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची १९९१ ची बहुकेंद्री चाचणी. तीत शस्त्रकर्मानंतर ११ टक्के आणि क्षारसूत्रानंतर ४ टक्के पुनरुद्भव दिसला, जरी व्रण भरण्यास चारऐवजी आठ आठवडे लागले. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. परंतु ते भगंदराचे आहे! पायलोनिडल सायनसमध्ये क्षारसूत्राचे जे साहित्य आहे ते बहुतांशी एकेका रुग्णाचे वृत्तांत आणि छोट्या मालिका यांचे. भगंदराचे चार टक्के पायलोनिडलच्या माहितीपत्रकावर छापणे हे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते, मग ते कितीही सद्‌हेतूने केलेले असो.

याच विकारात अल्पकालीन पाठपुरावा कसा फसवितो याचा एक दाखला पाहा. २०१८ साली जगभरातील प्रकाशित अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात मध्यरेषेवर टाके घालण्याच्या शस्त्रकर्मानंतर एका वर्षात पुनरुद्भव २.१ टक्के होता. वीस वर्षांनी तो ६७.९ टक्के झाला. सहा महिन्यांच्या आधारावर ‘कायमचा बरा’ म्हणणारे आपण कोण?

आमच्यावरही हा प्रसंग आला आहे. तेवीस वर्षांचा एक तरुण, सात आठवड्यांत व्रण कोरडा, रुग्ण आनंदी, आम्हीही. नोंदवहीत ‘पूर्ण उपशय’ असा शेरा मारला. सुमारे अडीच वर्षांनी त्याचा थोरला भाऊ मूळव्याधीसाठी आला असता सहज म्हणाला, “वैद्यराज, त्याचे पुन्हा वाहू लागले होते. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून तो आला नाही. दुसरीकडे ऑपरेशन करून घेतले.” मूळ नोंद उघडून पाहिली. सूत्र घालण्यापूर्वी केस काढल्याचा उल्लेखच नव्हता. त्या वहीत एका वर्षानंतरचा रकाना अनेक रुग्णांपुढे कोराच होता.

औषधालयाच्या मालकांनाही दोन शब्द. क्षार ओलावा शोषतो. उघड्या पाकिटातून आलेले सूत्र पावसाळ्यात मऊ पडते, लेप झडतो आणि उरते केवळ सूत. हवाबंद नळीत शोषकासह बांधणी, लेपांची संख्या, निर्मितीची तारीख आणि त्या घाण्याच्या क्षाराचा पीएच एवढे वेष्टनावर असावे. एका घाण्याचे सूत्र आठ दिवसांत दाह करते आणि दुसऱ्याचे काहीच करीत नाही, असा अनुभव असताना निष्कर्ष कशाचे काढावयाचे?

आमचे सध्याचे मत असे. एक-दोन छिद्रांच्या, शाखा नसलेल्या, पाक नसलेल्या नाडीत केस काढून फिनॉलही चालेल, क्षारवर्तीही चालेल. जेथे दुसरे मुख बाजूला उघडले आहे तेथे क्षारसूत्र अधिक शास्त्रशुद्ध, कारण तेथे भेदन व स्रावनिर्हरण दोन्ही हवेत. अनेक शाखा, पूर्वी शस्त्रकर्म झालेले, खाच फार खोल असलेले रुग्ण खाच सपाट करणाऱ्या शस्त्रकर्मासाठी पाठवावेत. ते पाठविण्यात कमीपणा नाही. विद्रधी असेल तर आधी पू काढावा. आणि फिनॉल वापरून त्याला ‘क्षारचिकित्सा’ म्हणण्याचा जो प्रकार क्वचित कानावर येतो, तो तर सर्वथा निंद्य होय. ज्याला ते द्रव्य वापरण्याचा अधिकार व प्रशिक्षण आहे त्याने त्याच्या नावानेच वापरावे.

आम्ही आमची नोंदवही नव्याने आखली आहे : छिद्रांची संख्या, केस सापडले किंवा नाही, सूत्राचा घाणा, व्रण भरण्याचे दिवस, आणि एक, तीन व पाच वर्षांनी दूरध्वनी. या तक्त्याचा नमुना संपादकांकडे दिला आहे. वीस-पंचवीस वैद्यांनी तो भरला, आणि बिघडलेले रुग्णही त्यात लिहिले, तर पुढील चर्चेस काही आधार मिळेल. गतवर्षीच्या रुग्णांना दूरध्वनी करण्यास आम्ही या आठवड्यापासून आरंभ केला आहे. पहिल्या तिघांपैकी एकाने क्रमांक बदलला आहे.