कंपनी काढणे सोपे, विसरणे महाग

कोल्हापूर (आमच्या प्रतिनिधीकडून) : शिवाजी उद्यमनगर असो वा शिरोलीची औद्योगिक वसाहत, भागीदारीऐवजी 'प्रायव्हेट लिमिटेड'ची पाटी लावणे आता काही दिवसांचे काम झाले आहे. अधिकृत भांडवल १५ लाख रुपयांपर्यंत असल्यास केंद्राचे नोंदणी शुल्कही माफ आहे. खरा प्रश्न निर्माण होतो तो ही पाटी उतरविताना.

कारखाना बंद पडला, यंत्रे विकली, कामगारांचा हिशेब चुकता केला, म्हणजे कंपनी संपली, असा अनेकांचा समज असतो. कायद्याला तो मान्य नाही. निबंधकांच्या नोंदवहीतून नाव वगळले जाईपर्यंत कंपनी जिवंतच असते. उलाढाल शून्य असली, तरी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घेणे, सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र दाखल करणे तिला चुकत नाही.

१ जुलै २०१८ पासून या प्रत्येक दस्तऐवजाच्या विलंबासाठी दररोज १०० रुपये जादा शुल्क लागू झाले. त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही दस्तऐवज वर्षभर राहिले, तर ७३ हजार रुपये होतात. सलग तीन वर्षांची थकबाकी एक, दोन आणि तीन वर्षांच्या विलंबाने भरायची म्हटल्यास हा आकडा ४ लाख ३८ हजारांवर जातो. दर मोठ्या उद्योगसमूहाला आणि चार कामगारांच्या वर्कशॉपला सारखाच.

केवळ पैशाचाच प्रश्न नाही. सलग तीन आर्थिक वर्षांची विवरणपत्रे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. नोटाबंदीनंतर, २०१७ मध्ये, केंद्राने बनावट कंपन्यांविरुद्ध मोहीम उघडली. तीत देशभरातील सव्वादोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे वगळली गेली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. नावे वगळलेल्या कंपन्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आले. काळा पैसा फिरविणारे आणि निव्वळ आळसाने कागद न भरणारे, दोघेही एकाच चाळणीतून गेले.

यातून सुटण्याचे मार्ग कायद्यात आहेत. देणी फेडून, ७५ टक्के भागधारकांच्या संमतीने आणि दहा हजार रुपये शुल्क भरून संचालकांना स्वतःहून नाव वगळण्याचा अर्ज करता येतो. मात्र व्यवसाय थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतची विवरणपत्रे आधी भरलेली असावी लागतात. पुढे पुन्हा काम सुरू करण्याचा विचार असेल, तर 'सुप्त कंपनी'चा दर्जा मागता येतो.

कोल्हापूरच्या उद्योजकाला अंतराचीही अडचण आहे. कंपनीचा जन्म आणि मृत्यू, दोन्हींची कागदपत्रे हरियानातील मानेसरच्या केंद्रात तपासली जातात. नाव वगळण्याचे काम तेथे मे २०२३ पासून सुरू झाले. दरवर्षीच्या विवरणपत्रांवर देखरेख पुण्याच्या निबंधकांची, तर वगळलेली कंपनी पुन्हा जिवंत करायची झाल्यास दाद मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे. कारभार संगणकावर आला, ही सोय खरी; पण नोटीस जाते ती नोंदवहीतील पत्त्यावर. उद्यमनगरातून शिरोलीला गेलेल्या आणि पत्ता न बदललेल्या कारखानदारास ती मिळणार कशी?

सरकारने २०१८ आणि २०२० मध्ये थकबाकीदारांना सवलत दिली. त्याने दिलासा मिळाला. पण वेळेवर कागद भरणाऱ्याला आपणच वेडे ठरलो असे वाटले, तर नवल नाही. धनको आणि ठेवीदारांच्या हितासाठी शिस्त हवीच. तथापि सवलतीच्या लाटा आणण्यापेक्षा विलंब शुल्काला कंपनीच्या आकारानुसार मर्यादा घालणे अधिक न्याय्य ठरेल. तोपर्यंत, बंद कारखान्याच्या दाराला कुलूप लावताना कंपनीचे दप्तरही रीतसर बंद करणे, हेच शहाणपणाचे.