‘टेन्शन’ नावाचे निदान

आमच्या मावळात बाईमाणसाच्या दुखण्याला तीन नावे ठरलेली आहेत. रक्त कमी आहे, वय झाले, आणि टेन्शन. पहिल्यावर लोहाच्या गोळ्या, दुसऱ्यावर सांत्वन आणि तिसऱ्यावर ‘मन रमवा’ हा सल्ला. पवन मावळातून, नाणे मावळातून किंवा आंदर मावळातून कामशेत-वडगावला येऊन, दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसून जी बाई हा सल्ला घेऊन परत जाते, तिच्या अंगातला थकवा कशाचा होता हे अनेकदा कुणी शोधलेलेच नसते. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी आणि बंगल्यांची झाडलोट करणारी तिची आई, यांची गत याहून वेगळी नाही.

अशा थकव्याची कारणे अनेक. त्यांतले एक सहज तपासता येणारे आणि कमी खर्चात आटोक्यात राहणारे आहे: गळ्यातील अवटू ग्रंथी मंदावणे. आपण त्याला ‘थायरॉईड झालाय’ म्हणतो. (थायरॉईड खरे तर प्रत्येकालाच असतो, पण भाषा कुणाचे ऐकत नाही.) २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांच्या पाहणीत पाच हजारांवर प्रौढांचे रक्त तपासले गेले. सुमारे ११ टक्के लोकांमध्ये ही ग्रंथी मंदावलेली निघाली आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. ही सगळी शहरातली माणसे, जिथे लॅब गल्लीच्या कोपऱ्यावर असते.

पत्ता का लागत नाही? ही ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती मंदावली की सगळेच मंदावते. नाडी संथ होते, पोट साफ होत नाही, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, खाणे तेवढेच असून वजन वाढते, पाळी जास्त जाते, विसरायला होते, उदास वाटते. आता ही यादी चाळिशीच्या एखाद्या गृहिणीला वाचून दाखवा. ती म्हणेल, यात नवीन काय? भातलावणीत कमरेपर्यंत भिजून आलेल्या बाईला थंडी वाजणार नाही तर काय होणार? पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबणारी बाई थकणारच. हा आजार बाईच्या रोजच्या आयुष्याचाच वेष घेऊन येतो. म्हणून घरच्यांना तो दिसत नाही, तिला स्वतःला दिसत नाही, आणि मग डॉक्टरांच्या तीन मिनिटांतही दिसत नाही.

दुसरे कारण जुने आहे. थायरॉईड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गलगंड येतो. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या प्रयोगातून सिद्ध झाले की मिठात आयोडीन घातले तर गलगंड ओसरतो. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर २००६ साली पुन्हा देशव्यापी बंदी आली. मीठ सुधारले, पण ‘गळा सुजलेला नाही, म्हणजे थायरॉईड नाही’ ही समजूत मागे राहिली. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांत आज जो आजार मुख्यतः आढळतो, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ साली त्याचे वर्णन केले. त्यात गळा सुजेलच असे नाही, आणि मीठ बदलून तो बरा होत नाही.

माझ्या धाकट्या जाऊबाईंची गोष्ट सांगते, कारण ती एकट्या त्यांची नाही. तीन वर्षे त्या थकत होत्या. चार डॉक्टर झाले. लोह झाले, कॅल्शियम झाले, गुडघ्यांचे एक्स-रे झाले, झोपेची गोळी झाली. मग पाळीत अंगावरून इतके जाऊ लागले की पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आणि तारीखही ठरली. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. नाडी संथ, डोळ्यांखाली सूज, जीभ जाड, बोलणे अडखळते. त्यांनी विचारले, ‘ताई, तुमचा एखादा जुना फोटो आहे का हो?’ पिशवीत बँकेचे पासबुक होते. पासबुकावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहणे हे माझे नोकरीतले रोजचे काम. पण तो फोटो आणि समोरचा सुजलेला चेहरा यांतला फरक मीही प्रथमच नीट पाहिला. तपासणीत टीएसएच शंभरावर निघाले. ऑपरेशन रद्द झाले, गोळी सुरू झाली आणि चार-पाच महिन्यांत पाळी ताळ्यावर आली. पिशवी आहे तिथेच आहे.

पाळीत जास्त जाणे हे ग्रंथी मंदावल्याचे एक ओळखीचे लक्षण आहे. पण आपल्या राज्यात अंगावरून जाते म्हणून पिशवीच काढण्याचा रस्ता किती रुळला आहे, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नातून २०१९ साली दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. या सगळ्यांना थायरॉईडचा त्रास होता असे कुणी म्हणणार नाही; तिथे उचल, मुकादम आणि बुडणारी मजुरी ही वेगळी, अधिक क्रूर कारणे होती. पण कारण शोधण्याआधी अवयव काढण्याची घाई तीच.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. एका सकाळी शंभरेक पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला थकलेली प्रत्येक बाई लॅबला पाठवता येत नाही. थकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा थायरॉईड ठीकच असतो. पेशंटही ‘सुई टोचा, सलाईन लावा’ म्हणत येतो. रक्त तपासा म्हटले की ‘पैसे काढायचे धंदे’ असे बाहेर जाऊन बोलतो. आणि आता उलट टोकही आले आहे. लोणावळ्यात, तळेगावात ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजचे फलक लागतात. साठ-सत्तर तपासण्यांच्या त्या गठ्ठ्यात टीएसएच जरासे वर दिसते, तेवढ्या कागदावर कुणीतरी गोळी लिहितो आणि ती जन्मभर चालते. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ लोकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले की टीएसएच थोडेच वाढलेल्या वृद्धांना त्या गोळीने थकव्यात फरक पडत नाही. गरजेपेक्षा जास्त गोळी मात्र हृदयाचे ठोके बिघडवते, हाडे ठिसूळ करते. एकीकडे तीन वर्षे तपासणीच नाही, दुसरीकडे एका आकड्यावर जन्माची गोळी. नीट तपास या दोन्हींत नाही.

तो कसा असतो, हे समजून घेणे अवघड नाही. मेंदूच्या तळाशी पियूषिका ग्रंथी असते. ती टीएसएच पाठवून अवटू ग्रंथीला हाक देते. खालून ओ येईना की ती आवाज चढवते. म्हणून टीएसएच वाढलेले दिसते. ते वाढलेले निघाले तर सोबत फ्री टी-फोर पाहायचे. वाढ थोडी असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, कारण एखाद्या आजारपणानंतरही आकडा तात्पुरता हलतो. प्रतिद्रव्यांची तपासणी बहुधा एकदाच पुरते. डॉक्टरांनी पाण्याचा घोट गिळायला लावून मान चाचपली पाहिजे. गाठ लागली तर सोनोग्राफी. उगाच प्रत्येकाला नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडे खोटे येतात.

या रीतीला एक अपवाद आहे आणि तो खेड्यांत विसरता कामा नये. हाक देणारी पियूषिकाच निकामी झाली असेल तर टीएसएच चढत नाही. कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसते आणि बाई मात्र खंगत जाते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्याने असे होते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली हा विकार मांडला. बाळंतपणात खूप रक्त गेले, नंतर दूध आले नाही, पाळी परत आली नाही, अशी हकीकत असेल तर ती वीस वर्षांपूर्वीची असली तरी डॉक्टरांना सांगावी आणि फ्री टी-फोर मागावे. इथे नुसती थायरॉईडची गोळी देणे धोक्याचे. आधी शरीरातले कॉर्टिसॉल तपासून ते भरून काढावे लागते.

मग डॉक्टरांना तपासायला लावायचे कसे? भांडून नाही, आणि मोबाइलवर वाचलेले तोंडावर फेकून तर नाहीच. ‘कसंतरीच होतंय’ या वाक्यावर कोणताही डॉक्टर तपास करू शकत नाही. ‘सहा महिन्यांत सात किलो वाढले, पाळी आठ दिवस जाते, मे महिन्यात गोधडी लागते, माझ्या आईला थायरॉईडची गोळी होती’ यावर करू शकतो. हे चार ओळींत लिहून न्यावे, जुना फोटो न्यावा, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. आणि विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, थायरॉईडची शंका काढून टाकायला एक तपासणी करू या का? गरज नाही असं वाटत असेल तर का, ते केसपेपरवर लिहाल का?’ बँकेत आम्हाला कर्ज नाकारताना कारण लिहावे लागे, आणि लेखणी हातात घेतली की अनेक नकार आपोआप विरघळत, हे मी पाहिले आहे.

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची माहिती मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम दुरुस्त केले, त्यातही रुग्णहक्क सनद आली. ती तुमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर दिसते का, एकदा पाहा. गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. लोणावळ्याहून सकाळची गाडी धरून दादरला उतरले की तिथे पोचता येते. पण पहिली टीएसएच तिथे करायची नसते. ती तालुक्यातच व्हायला हवी, आणि ग्रामीण रुग्णालयात ती कोणत्या वारी होते हे आशाताईला पाठ असायला हवे.

गोळी सुरू झाली तरी तपास संपत नाही. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना सांगायचे, कारण तेव्हा मात्रा वाढवावी लागते.

ज्यांना आपले दुखणे सांगताच येत नाही, त्यांचे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एक बाळ ही ग्रंथी मंदावलेली घेऊन येते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखे वाढते. राहून गेली तर बुद्धीची हानी भरून निघत नाही. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे दोन-चार थेंब पुरतात. अडचण वेळेची आहे: जन्मानंतर पहिले दोन दिवस टीएसएच सगळ्याच बाळांचे चढलेले असते, म्हणून रक्त शक्यतो तिसऱ्या दिवशी घेतात, आणि आपल्याकडे बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी निघते. नाळेतल्या रक्तावरही ही तपासणी करता येते. ती केली का, आणि नसेल तर बाळाला कोणत्या दिवशी परत आणायचे, हे आजीने डिस्चार्जचा कागद हातात घेताना विचारायचे.