सोमवारची झाडलोट

गेल्या वैशाखांतील गोष्ट. शनिवारीं दुपारीं आम्हांस घरच्या संगणकांतील अडगळ काढण्याची हुक्की आली. ‘जुनें’ या नांवाचा एक कप्पा दिसला. तो उघडूनही न पाहतां आम्ही काढून टाकिला, केराची टोपली तेव्हांच रिती केली, आणि यंत्र बंद करून घरच्या मंडळींसह मुंजीसाठीं परगांवीं गेलों. मंगळवारीं परत आल्यावर आम्ही यंत्र सुरू करून पत्रें पाहत बसलों होतों. संध्याकाळीं धाकट्या सूनबाईंनीं विचारिलें, “मामंजी, मोठ्या सासूबाईंच्या ओव्या कोठें ठेविल्या आहेत? मुलींना ऐकवायच्या आहेत.”

आमच्या थोरल्या वहिनींस जाऊन दोन वर्षें झालीं. त्यांच्या शेवटच्या हिंवाळ्यांत नातीनें मोबाईलवर त्यांच्या चाळीसएक ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. त्या सर्व ‘जुनें’ मध्यें होत्या!

आमच्या घरच्या संगणकावर लिनक्स आहे, तें नातवाचें करणें. पुसलेल्या फायली हुडकून काढणारीं साधनें असतात, तीं घेऊन तो तासभर बसला. शेवटीं म्हणाला, “आजोबा, ओव्या गेल्या. तुम्ही दुपारीं यंत्र सुरू केलंत ना, त्यानंतर ट्रिम झालं.”

हें ट्रिम काय प्रकरण आहे, तें त्या दिवशीं आम्हांस नीट कळलें. लिनक्समध्यें ‘एफस्ट्रिम’ नांवाचें साधन आणि त्यास वेळेवर उठविणारा ‘टायमर’ असतो. रविवार संपून सोमवार लागला कीं त्याची पाळी येते. त्या वेळीं यंत्र बंद असेल तर खाडा भरून काढणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें पुढें यंत्र सुरू झाल्यावर तो राहिलेलें काम उरकतो. यंत्राच्या नोंदवहींत मंगळवारची नोंद सांपडली: ४१ गिबिबाईट साफ. (हा आंकडा आमच्या एकट्याच्या अपराधाचा नव्हे. यंत्र नुकतेंच सुरू झालेलें असलें म्हणजे बहुधा सारी रिकामी जागाच त्यांत मोजली जाते.)

पाणिनीनें लोपाची व्याख्या केवळ न दिसणें एवढीच केली आहे, आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य चालू राहतें असेंही सांगितलें आहे. संगणकांतून फाईल काढणें हा असाच लोप होय. यादींतून नांव जातें; मजकूर जागच्या जागीं राहतो आणि जागाही अडवून बसतो. आमच्या ओव्यांचा शनिवारीं लोप झाला होता. नाश झाला तो मंगळवारीं.

मग हा टायमर बंदच कां करूं नये, असें सूनबाईंनीं विचारिलें. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर नाहीं असेंच द्यावें लागतें. फिरत्या तबकडीच्या जागीं हल्लीं एस. एस. डी. आली आहे. तिच्यांत कांहीं किलोबाईटांचें एक पान, आणि अशा शेंकडों पानांचा एक ठोकळा. लिहितांना एकेक पान लिहितां येतें, पण पुसावयाचें तर सबंध ठोकळा पुसावा लागतो. आणि पुसल्यावांचून त्याच पानावर पुन्हां लिहितां येत नाहीं. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर एका बांकावरील सर्व पाट्या एकदमच ओल्या फडक्यानें पुसावयाच्या, असा नियम. ज्या पाटीवरील हिशेब अजून हवा आहे तो आधीं दुसऱ्या बांकावरील कोऱ्या पाटीवर उतरून घ्यावयाचा, मग फडकें फिरवावयाचें. आतां कोणता हिशेब टाकाऊ झाला हें मास्तरांनीं सांगितलेंच नाहीं, तर मुलें टाकाऊ हिशेबही इमानानें उतरीत बसतील! ट्रिम म्हणजे मास्तरांनीं दिलेली ती वर्दी. ती न मिळाल्यास एस. एस. डी. कचराच इकडून तिकडे वाहते, लिहिण्याचा वेग मंदावतो, आणि ठोकळा पुसण्याचें आयुष्य मोजकेंच असल्यामुळें तेंही फुकट खर्ची पडतें.

लिनक्सच्या गाभ्यांत ही सोय २००८ सालापासून येऊं लागली. उबंटूनें २०१४ सालीं आठवड्याची झाडलोट आपण होऊन सुरू केली, फेडोरानें २०२० सालीं. ‘डिस्कार्ड’ नांवाचा दुसरा मार्ग आहे. त्यांत फाईल काढतांच वर्दी जाते. साधनाच्या माहितीपत्रकांतच घरगुती यंत्रांस आठवड्यास एकदां पुरे असें म्हटलें आहे, आणि फार वेळां केल्यास हलक्या प्रतीच्या एस. एस. डी.चें आयुष्य घटूं शकतें असा इशाराही आहे. आम्हांस आठवडाच पसंत आहे. चूक लक्षांत येण्यास माणसाला चार दिवस तरी हवेत. मंगळवारीं दुपारीं यंत्र त्याच्या नेहमींच्या लिनक्सवर सुरू न करतां नातवाच्या पेनड्राईव्हवरून सुरू केलें असतें, तर ओव्या कदाचित् हातीं लागत्या.

आमच्या एका स्नेह्यांकडे उलट प्रकार निघाला. त्यांनीं एस. एस. डी.स सांकेतिक कुलूप घातलें आहे. टायमर दर सोमवारीं काम झाल्याची नोंद करी. पण कुलपापलीकडे वर्दी जातच नव्हती, आणि साधन त्याबद्दल चकार शब्द काढीत नव्हतें. नातवानें ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘डिस्कार्ड’ची जोड देऊन चालविली, तेव्हां कुलपाच्या ओळींत शून्यें दिसलीं. परवानगी ‘क्रिप्टटॅब’ या फाईलींत देतां येते. मात्र मग कोणता भाग रिकामा आहे एवढें परक्यास बाहेरून कळूं शकतें. स्नेह्यांनीं विचार करून परवानगी दिली.

आमच्याकडे टायमर पूर्वीप्रमाणेंच चालू आहे. रविवारीं संध्याकाळीं नातू एका जुन्या फिरत्या तबकडीवर सर्व नक्कल करतो आणि ती काढून कपाटांत ठेवितो. काढून टाकिलेल्या वस्तूही त्या तबकडीवर सहा महिने तशाच राहूं द्यावयाच्या, असें ठरलें आहे.

नागपूरच्या पुतणीच्या मोबाईलमध्यें ७ ओव्या निघाल्या; नातीनें त्या तिला त्या वेळीं पाठविल्या होत्या. एकीच्या मध्येंच कुकरची शिटी होते, आणि वहिनी थांबून “गॅस बारीक कर गं” असें म्हणतात. तेवढा भाग कापून देऊं का, असें नातवानें विचारिलें. आम्ही नको म्हणालों.